ओलं डांबर, काळी माती

आज टायर घ्यायचे नाहीत. घ्यायचे तर आहेतच. जुन्यांची नक्षी झिजली आहे, पावसाळा तोंडावर आला आहे, दुकानदाराने दोन वेगवेगळे दर सांगून ठेवले आहेत. पण आज नाही. आज फक्त गाडीजवळ जाऊन बसायचं. सकाळी लवकर, गाडी रात्रभर उभी असताना, टायर थंड असताना. एखादं स्टूल घ्या, नसेल तर पायरीवर बसा. पुढच्या डाव्या चाकाच्या इतकं जवळ, की रबराचा वास यावा. मोबाइल घरातच राहू द्या. त्यात टायरांचे व्हिडिओ पुरेसे पाहून झाले आहेत.

नजर लगेच नक्षीकडे जाईल. तिला तिथून काढा आणि खाली आणा, टायर जमिनीला टेकतो तिथे. तो तिथे थोडा चपटा झालेला दिसेल. तेवढंच बघत राहा.

समजा, तुमची गाडी बोलेरो आहे. माणसं आणि सामान धरून वजन दोन टन. म्हणजे प्रत्येक चाकावर साधारण ५०० किलो. टायरमध्ये ३२ पाउंड हवा असेल, तर दर चौरस सेंटीमीटरवर सव्वादोन किलोचा दाब येतो. भागाकार करा: २२० चौरस सेंटीमीटरच्या आसपास जागा लागते. बोटं पसरलेल्या मोठ्या पंजाहून थोडी जास्त. चारही चाकांच्या जागा एकत्र केल्या तर स्वयंपाकघरातल्या एक फूट बाय एक फुटाच्या एका फरशीत मावतात. वळणं, ब्रेक, घाट, मागे झोपलेली मुलं, टपावर बांधलेली आंब्यांची पेटी, हे सगळं त्या फरशीवर उभं असतं. दुकानात तुम्ही टायर विकत घेता, पण वापरता ती ही एवढीच जागा. इथे थोडं थांबा. घाई नाही.

आता डोळे मिटा आणि गेलं वर्ष पुन्हा चालवा.

येतं वर्ष नको. ते नेहमी स्पितीत नाहीतर लडाखमध्ये जातं. गेलं वर्ष. समजा, घर नाशकात, शेत वैजापूर तालुक्यात. महिन्यातून दोनदा तिकडे जाणं होतं. सिन्नरजवळ समृद्धी महामार्गावर चढायचं, वैजापूरला उतरायचं, मग डांबरी रस्ता, त्याला खड्डे, आणि शेवटी शेताकडे वळणारी पाणंद. वर्षातून दोनदा सासुरवाडी, मंडणगडच्या बाजूला. कसारा घाट उतरून, महाड गाठून, मग लाल मातीचे, जांभ्याच्या दगडांचे, दोन्ही बाजूंनी झाडी आत आलेले रस्ते. बाकी सगळं वर्ष शहरात: शाळा, बाजार, दवाखाना, गंगापूर रोडवरचा सिग्नल.

प्रत्येक रस्त्याला त्याचे किलोमीटर द्या. अंदाजे चालतील, पण खोटे नकोत. वर्षाला बारा हजार किलोमीटर होत असतील, तर डांबर आणि काँक्रीट सोडून चाक किती फिरलं? पाणंद येऊन-जाऊन चार किलोमीटर, ती वर्षातून चोवीस वेळा. म्हणजे शंभरच्या आतबाहेर. कोकणातले कच्चे तुकडे मिळून आणखी तेवढेच. दोनशे धरा. बारा हजारांत दोनशे.

हा आकडा ऐकून मन लगेच भांडायला उठतं. ते म्हणतं, किलोमीटर मोजून काय होतं, अडकायला तर एक मीटरही पुरतो. बरोबर आहे. त्याचं म्हणणं खोडून काढू नका, बाजूला लिहून ठेवा. कारण घसरायलाही एक मीटर पुरतो, आणि घसरण्याची जागा कुठे आहे हे अजून पाहायचं आहे.

आता डोळे उघडा आणि बोट नक्षीवर ठेवा. रबराचे ठोकळे आहेत आणि त्यांच्यामध्ये खाचा आहेत. ठोकळा रस्त्याला धरतो. खाच पाणी, खडे आणि चिखल यांना जागा देते. टायरचा प्रकार ठरतो तो मुख्यतः या दोघांच्या वाटणीवरून. हायवेच्या एच-टी टायरमध्ये ठोकळे दाटीने बसवलेले असतात. चिखलाच्या एम-टी टायरमध्ये खाचा रुंद आणि खोल, ठोकळे दांडगे. या दोहोंच्या मध्ये ए-टी, म्हणजे ऑल-टेरेन. नाव असं ठेवलं आहे, की कोणतीच जमीन उरू नये. बीएफगुडरिच या अमेरिकी कंपनीने १९७६ साली हलक्या ट्रकसाठी रेडियल बांधणीचा ऑल-टेरेन टायर आणला, आणि तेव्हापासून ही मधली जात रुजली. आठवडाभर कामाला आणि सुट्टीला रानात जाणारे पिकअप ट्रक तिथे घरोघर होते. त्यांच्या मालकांना दोन जोड परवडत नव्हते. आपल्यालाही परवडत नाहीत.

मधल्या जातीने दोन्हीकडून थोडं घेतलं, म्हणजे दोन्हीकडे थोडं सोडलंही. दुकानात घेतलेल्याची यादी ऐकवतात. सोडलेल्याची यादी तुम्हाला इथे, पायरीवर बसून करायची आहे.

बोट ठोकळ्याच्या पृष्ठभागावरून फिरवा. त्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा लागतात का? ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर या चिरांत शिरतो, त्यांच्या कडा डांबराला धरतात. रुंद खाच जास्तीचं पाणी बाहेर फेकते, पण शेवटचा पातळ थर मोडण्याचं काम चिरांचं. एम-टी टायरमध्ये खाचा भरपूर आणि चिरा कमी असतात, म्हणून चिखलातला तो पहिलवान ओल्या डांबरावर कच्चा पडतो. ए-टी घेताना रुंद खाचांकडे सगळेच पाहतात, कारण त्या लांबून दिसतात. चिरा बघायला वाकावं लागतं.

आता मनाने कसारा उतरा. जुलै महिना, संध्याकाळचे सहा, वायपर दुसऱ्या गतीवर. पुढे कंटेनर, त्याच्या मागच्या चाकांचे तुषार काचेवर. वळण संपतं आणि कंटेनरचे लाल दिवे लागतात. तुमचा वेग ८० नसावा, पण असतो. ओल्या रस्त्यावर एका टायरची पकड ०.६ धरली, तर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण ४२ मीटरवर थांबते. दुसऱ्याची ०.५ धरली, तर ५० मीटरवर. हे शाळेतल्या भौतिकशास्त्राचं साधं गणित आहे, कोणत्या एका टायरची चाचणी नव्हे. उतार आणि तुमची दचक त्यात धरलेली नाही. पण आठ मीटरचा फरक डोळ्यांसमोर ठेवा. दोन बोलेरो एकीमागे एक उभ्या केल्या, की आठ मीटर होतात.

इथे जास्त वेळ बसा. या सगळ्या विचारात मला सांगायचं आहे ते इथेच आहे. आपल्या राज्यात ए-टी टायर घेणारा माणूस चिखलाचा विचार करून घेतो, आणि त्याची खरी परीक्षा चिखलात होत नाही, ओल्या डांबरावर होते. चिखलात अडकलात तर अर्धा दिवस जातो, कपडे जातात, ट्रॅक्टरवाल्याला शे-पाचशे जातात आणि सासुरवाडीत दोन वर्षं पुरेल इतकी चेष्टा होते. घाटातल्या आठ मीटरची किंमत वेगळी आहे. म्हणून ए-टी निवडताना पहिला प्रश्न चिखलाचा नको. ओल्या रस्त्यावर हा कसा थांबतो, हा पहिला. त्याचं समाधानकारक उत्तर मिळालं, तरच दुसरा प्रश्न.

उत्तर शोधायच्या जागा फार नाहीत, पण आहेत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये टायरसाठी ओल्या रस्त्यावरची पकड, घरंगळताना होणारा रोध आणि आवाज या तिन्हींचे निकष अधिसूचित केले. त्याने किमान पातळी ठरते, दोन टायरांमधला फरक कळत नाही. युरोपात टायरच्या लेबलवर ओल्या पकडीसाठी ‘ए’ पासून ‘ई’ पर्यंत अक्षर असतं. तुमच्या मनातलं मॉडेल त्याच नावाने आणि मापाने तिकडे विकलं जात असेल, तर ते अक्षर शोधता येतं. इथल्या कारखान्यातलं रबर तिथल्यासारखंच असेल असं नाही, तेव्हा ते शपथपत्र मानू नका. अंदाज म्हणून घ्या. आणि तोच टायर घालून एक पावसाळा घाटातून ये-जा केलेल्या एखाद्या टॅक्सीवाल्याला किंवा दूधवाल्याला विचारा. त्याला कमिशन नसतं.

टायरच्या भिंतीवर ‘एम प्लस एस’ लिहिलेलं दिसेल. चिखल आणि बर्फ. ते कंपनीने स्वतःच्या टायरबद्दल केलेलं विधान आहे, परीक्षेचा निकाल नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असेल, तर तो टायर बर्फावरच्या ठरावीक चाचणीत उतरलेला असतो. चिन्ह देखणं आहे. वैजापूरच्या मे महिन्यात त्याचा उपयोग नाही. डिसेंबरात खरोखर हिमाचलात गाडी नेणार असाल, तरच त्यासाठी जास्तीचे पैसे मोजा. गेल्या वर्षीच्या हिशेबात हिमाचल आलं होतं का, आठवा.

आता पाणंदीकडे वळा, पण हळू.

मराठवाड्याची आणि विदर्भाची काळी माती सह्याद्रीच्याच काळ्या दगडाची, बेसॉल्टची, झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात, हात जाईल अशा. पावसात ती टायरच्या खाचेत शिरते आणि बाहेर यायला तयार होत नाही. चार फेऱ्यांत नक्षी बुजते. मग तुमचा टायर ए-टी असो, एम-टी असो, की जुना गुळगुळीत, तिघांचा चेहरा एकच: काळा, गोल, चकचकीत. एम-टीच्या रुंद खाचा चाक जोरात फिरवलं तर चिखल फेकून देतात, हे खरं. पण जोरात फिरलेलं चाक तेवढ्याच जोराने खड्डाही खणतं. पाच मिनिटांत गाडी पोटावर टेकते.

शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. तो वापसा आल्याशिवाय बैलही शेतात घालत नाही. पाऊस उघडून जमिनीतलं जास्तीचं पाणी निचरलं, ओल राहिली पण चिकटपणा गेला, की वापसा आला. त्या दिवशी साध्या एच-टीवरही पाणंद पार होते. त्याच्या आदल्या दिवशी कशावरही होत नाही. मग ए-टीचा उपयोग नेमका कोणत्या दिवशी? मधल्या काही दिवसांत: वरून सुकलेलं, खाली ओल धरून असलेलं, एखादा डबरा ओलांडायचा, एखादा चढ मुरमाचा. ते दिवस खरे आहेत. मोजा. आणि जे दिवस कोणत्याच टायरने सुटणारे नाहीत, त्या दिवशी गाडी डांबरावर लिंबाखाली लावून चालत जायचं, हेही आताच ठरवून टाका. तो निर्णय टायरच्या खर्चात धरायचा नसतो, पण त्याने टायरची निवड बदलते.

ए-टीची खरी कमाई माझ्या मते चिखलात नाहीच. ती खडीत आहे. अर्धवट सोडलेले रस्ते, पसरलेली पण न दाबलेली खडी, जांभ्याचे धारदार कोपरे, पुलाच्या कडेला उघडे पडलेले दगड: हे आपल्याकडे बाराही महिने आहे आणि त्याला कुणी ऑफ-रोड म्हणत नाही, रस्ताच म्हणतात. इथे ए-टीचे जाड ठोकळे सहसा चिरत नाहीत, आणि टायरच्या खांद्यापर्यंत उतरलेलं रबर कामाला येतं.

तेव्हा हात आता टायरच्या बाजूवर न्या, नक्षी संपते त्याच्या खाली. दाबून बघा. ही भिंत नक्षीच्या मानाने किती पातळ आहे, ते हाताला कळत नाही, पण आहे ती पातळच. मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल बांधणीचं पेटंट घेतलं आणि टायरच्या आतले धागे एका कडेपासून दुसरीपर्यंत सरळ आडवे आले. त्यामुळे भिंत लवचीक राहते आणि नक्षी रस्त्यावर सपाट बसते. त्या लवचीकपणाची किंमत भिंतीला दगड लागला की मोजावी लागते. नक्षीतलं पंक्चर रस्त्याकडेचा माणूस दहा मिनिटांत काढतो. भिंत चिरली तर तो टायर गेला; कितीही गोड बोलून कुणी ठिगळ लावून दिलं, तरी समृद्धीवर तो न्यायचा नाही. काही ए-टीमध्ये भिंतीला धाग्यांचा जास्तीचा थर असतो. दुकानात त्याबद्दल विचारा. त्या थराबरोबर वजन येतं, डिझेल जातं, आणि रिकाम्या गाडीत आदळआपट वाढते. खडीच्या खाणीवर रोज जाणाऱ्याने तो घ्यावा. महिन्यातून दोनदा शेतावर जाणाऱ्याने घेतला, तर उरलेले अठ्ठावीस दिवस तो वजन वाहतो.

श्वास मोकळा सोडा. पुढचा विचार हवेचाच आहे.

बोलेरोच्या २१५/७५ आर १५ या मापाच्या चाकाचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर. शंभरच्या वेगाला ते सेकंदाला साडेबारा वेळा फिरतं. म्हणजे तुमच्या बोटाखाली जो ठोकळा आहे, तो सेकंदाला साडेबारा वेळा दबतो आणि सुटतो; त्याच्या बाजूची भिंत तितक्याच वेळा वाकते आणि सरळ होते. तासाला पंचेचाळीस हजार वेळा. प्रत्येक वाकण्यात थोडी उष्णता तयार होते. हवा कमी असेल तर भिंत जास्त वाकते, उष्णता जास्त, आणि सरळ, वळण नसलेल्या काँक्रीटवर ती बाहेर पडण्याआधी पुढची येते. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि टायर फुटून होणाऱ्या अपघातांची इतकी चर्चा झाली, की आरटीओची पथकं प्रवेशापाशी टायर तपासू लागली. तिथे दोष काँक्रीटला दिला गेला. काँक्रीट आपल्या जागी होतं. झिजलेला, जुना, कमी हवेचा टायर तासन्‌तास एकाच वेगाने पळवण्याची सोय आपल्याला आधी नव्हती, ती त्या रस्त्याने करून दिली.

हीच कमी हवा दुसरीकडे तुमच्या कामी येते. ३२ वरून १८ पर्यंत हवा उतरवली, तर टायर लांबट पसरतो आणि जमिनीला टेकणारी जागा दीडपटीच्या आसपास वाढते. मऊ जमिनीवर ही जागाच गाडी तोलते. अशा वेळी नक्षी दुय्यम ठरते. मंडणगडकडच्या लाल, भुसभुशीत चढावर एच-टी टायरची हवा उतरवून जाणारा माणूस पूर्ण हवेच्या ए-टीला मागे टाकू शकतो. पण हवा उतरवायची तर ती परत भरायची सोय गाडीत हवी, कारण त्या हवेवर डांबरी रस्त्याला लागणं म्हणजे वरचं उष्णतेचं गणित स्वतःहून ओढवून घेणं. आणि फार उतरवली तर वळणावर टायर रिमवरून सुटतो. तेव्हा एक दाबमापक आणि बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर, हे दोन घेतल्याशिवाय ए-टी घेऊ नये असं मी म्हणेन. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर टायर साधे घ्यावेत आणि हे दोन घ्यावेत. पेट्रोल पंपावरचा काटा किती खरा, हे त्याला रोज हाताळणारा मुलगाही छातीठोकपणे सांगणार नाही.

नायट्रोजनबद्दल विचारलंत तर: आपण श्वासात घेतो त्या हवेत तो ७८ टक्के आहेच. फुकट मिळाला तर भरा.

आता मोह. तो आलाच पाहिजे. त्याच्याशिवाय हे मनन अपुरं आहे.

दुकानात तुम्हाला म्हटलं जाईल, साहेब, दोनशे पस्तीस बसवा, लूक येतो. खरंच येतो. मागे सरकून आपल्याच गाडीकडे त्या नजरेने बघा: रुंद टायर, पांढरी उठावदार अक्षरं, कमानीतली पोकळी भरलेली. आवडलं ना? आवडू द्या. हा आनंद खोटा नाही आणि त्याला हसायचं कारण नाही. लोक लग्नाच्या शालूवर याहून जास्त घालवतात आणि तो वर्षातून एकदाही नेसला जात नाही. फक्त त्याचा हिशेब वेगळ्या पानावर ठेवा. त्याला सुरक्षितता म्हणू नका, गरज म्हणू नका.

मग आकडे बघा. २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३ मिलिमीटरच्या पुढे. मूळ टायरपेक्षा तीस मिलिमीटर जास्त. गाडी त्याच्या निम्मी, म्हणजे दीड सेंटीमीटर वर उठते. एवढ्या उंचीने ओलांडता येईल असा दगड तुमच्या वाटेवर कोणता आहे, आठवून बघा. स्पीडोमीटर मात्र चार टक्क्यांनी मागे पडतो: तो १०० दाखवतो तेव्हा चाक १०४ च्या हिशेबाने पळत असतं. टायर जड, ब्रेकवर भार जास्त, गाडी उचलताना इंजिनाची कुरकूर, पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता. शिवाय कंपनीने मान्य केलेल्या मापाबाहेर गेलात, तर अपघातानंतर विम्याच्या माणसाला बोलायला एक विषय मिळतो. गाडी फोर-बाय-फोर असेल, तर चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले लागतात; नाहीतर पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी भांडतात आणि मधल्या गिअरचं नुकसान होतं.

मापाच्या शेजारी एक संख्या आणि एक अक्षर असतं. संख्या भाराची: १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५. अक्षर वेगाचं: क्यू म्हणजे १६०, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०. मूळ टायरपेक्षा भाराची संख्या खाली जाऊ देऊ नका. वेगाचं अक्षर राकट टायरमध्ये खाली येतं, आणि समृद्धीची मर्यादा १२० ची असताना क्यू पुरतो. तरी कंपनीच्या पुस्तकात काय मागितलं आहे, ते बघून घ्या.

आणि कान. मोठ्या खाचांत हवा कोंडते, सुटते, आणि गुणगुणते. पुन्हा बोट लावून बघा: शेजारशेजारचे ठोकळे तंतोतंत एका लांबीचे नसतात. ते मुद्दाम तसे केलेले असतात, एकच सूर लागू नये म्हणून. नव्या ए-टीचा आवाज म्हणूनच सहन होतो. पण ठोकळ्याची एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजली, की दहा-पंधरा हजार किलोमीटरनंतर तो भुणभुण करायला लागतो, आणि लोक बेअरिंग बदलून येतात. पुढचे टायर मागे, मागचे पुढे, हे आठ-दहा हजारांवर करत राहिलात तर ते बरंच टळतं.

मोहाच्या पानावर आणखी एक ओळ लिहायची राहिली. टायर नवा असला, की पाय रस्ता सोडायला शिवशिवतात. तेव्हा कुठे जायचं, हेही आताच बघून ठेवा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गावकरी ती जपतात. पिल्लं समुद्राकडे निघतात तेव्हा टायरच्या चाकोरीची खोली त्यांच्यासाठी पुष्कळ असते. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी चालवायला कायद्यानेच बंदी आहे. कासच्या किंवा कोकणातल्या कुठल्याही सड्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटाच्या पेराएवढाही नसतो; त्यावरून गेलेलं चाक पुढची काही वर्षं दिसत राहतं, फुलांच्या जागी. म्हणजे ज्या रेताडासाठी आणि पठारासाठी हे टायर जाहिरातीत उभे असतात, ते आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चाक न घालण्याचे प्रदेश आहेत. उरतात ते पाणंद, खडी आणि घाट. थोडं हिरमुसायला होईल. हिरमुसा, मग पुढे या.

आता निर्णय आपोआप जवळ आलेला असेल. माझा कौल विचारलात, तर वर सांगितलेल्या गाडीला मी मूळ मापाचाच, २१५/७५ आर १५, मवाळ नक्षीचा ए-टी घेईन: मधले ठोकळे दाट, त्यांवर भरपूर चिरा, खांद्याला थोड्या रुंद खाचा. शेत नसतं, आणि कोकण वर्षातून एकदाच असतं, तर एच-टी घेतला असता आणि उरलेल्या पैशांत कॉम्प्रेसर. गडचिरोलीत जंगलखात्याच्या कामावर गाडी असती, तर जाड भिंतीचा ए-टी. तुमच्या बारा हजारांची वाटणी वेगळी असेल, तर तुमचा कौल वेगळा येईल, आणि तो माझ्यापेक्षा बरोबर असेल.

एक मात्र सगळ्यांना सारखं. टायरच्या भिंतीवर ‘डॉट’ ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. रबर वापरलं नाही तरी कडक होत जातं, आणि कडक झालेल्या रबराची पहिली तक्रार ओल्या डांबरावर येते. ए-टी कमी खपतो, म्हणून तो दुकानाच्या माळ्यावर जास्त दिवस पडून राहतो. दर अचानक उतरला, तर आधी हे आकडे विचारा. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, खाचेतल्या उंचवट्यावरून ते कळतं. पावसाळ्यासाठी मी तीनवरच थांबेन. दोनच टायर आता घेणार असाल, तर नवे मागे बसवा, कुणी पुढे बसवा म्हणालं तरी. मागचं चाक ओल्या वळणावर सुटलं तर स्टिअरिंगने सहज सावरता येत नाही. बसवल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने चालवा, नव्या रबरावरची साच्याची तुळतुळी जाईपर्यंत, आणि शंभरएक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.

ऊन आता बोनेटवर आलं असेल. उठण्याआधी चारही टायरची हवा थंड असतानाच मोजून घ्या आणि लिहून ठेवा. दर दहा अंश तापमानाला साधारण दीड पाउंड फरक पडतो, तेव्हा दुपारचा आकडा या आकड्याशी ताडायचा नाही. मग घरात जाऊन दुकानदाराला फोन करा. त्याच्याकडच्या पाच टायरांचे चार-चार आकडे त्याला फोनवरच वाचून दाखवायला सांगा. पाच, कारण स्टेपनीही त्याच मापाची लागणार आहे.